सोळा विरुद्ध दहा

तक्ता पाठ झाला त्याच खेपेला मी सगळ्यात जास्त हरलो. त्याआधी दोनदा गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जाऊन आलो होतो. तेव्हा अंदाजपंचे खेळायचो आणि चार-पाच हजार गेले की धसका घेऊन उठायचो. तक्ता आल्यावर धसका गेला, आणि खरं तर तोच मला राखत होता.

आम्ही कोल्हापूरचे. दिवाळीत तीनपत्ती, एरवी रमी. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ सालापासून नुसता कागदावर होता, २०२३ मध्ये तोही रद्द झाला. त्यामुळे हौस फेडायची तर आंबोलीचा घाट उतरायचा. मेव्हण्याच्या नादाने मी ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसलो, ते तीनपत्तीची अक्कल घेऊन. तीनपत्तीत समोरच्याचा चेहरा वाचायचा असतो. इथे वाचण्यासारखं काही नसतं, कारण डीलरला मर्जीच नाही: सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतराला थांबायचंच. त्याचं वागणं असं बांधलेलं असल्यामुळेच तुमच्या हातातल्या प्रत्येक बेरजेला बरं उत्तर कोणतं, हे गणिताने काढता येतं. अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी ते हिशेबयंत्रांवर काढून १९५६ मध्ये संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापलं. पुढे एडवर्ड थॉर्प यांनी संगणकावर ते नेमकं केलं आणि १९६२ मध्ये पुस्तक लिहिलं. 'बेसिक स्ट्रॅटेजी' म्हणतात ती हीच, आणि मी पाठ केलेला तक्ता तिचाच.

मी महिनाभर रोज रात्री कॅट पिसून बसायचो. अवघड वाटलं ते आपल्या अंगवळणी पडलेल्याच्या उलट जाणं. बारा झाले आणि डीलरची दुर्री किंवा तिर्री दिसतेय, तर पान घ्यायचं. चौकी, पंजी, छक्की असेल तर गप्प बसायचं, कारण छक्कीवर तो शंभरात चाळीसेक वेळा स्वतःच एकवीसपुढे जाऊन फुटतो. दोन दश्शा कधी फोडायच्या नाहीत. एक्का-छक्की म्हणजे सतरा, पण त्यावर थांबायचं नाही. एक्का एकही धरता येतो, म्हणून पुढचं पान तुम्हाला फोडू शकत नाही. पहिल्या दोन खेपांना मी या सतरावर ऐटीत हात हलवून थांबत होतो. डीलर सतराला थांबतो ना, मग आपणही!

आता तिसरी खेप. पाठ केलेला तक्ता अमेरिकन टेबलांचा होता. तिथे डीलर स्वतःचं दुसरं पान आधीच पालथं ठेवतो आणि ब्लॅकजॅक, म्हणजे एक्का आणि दहाचं पान, आहे का ते तपासतो. मी बसलो त्या टेबलावर डीलर दुसरं पान सगळ्यांचं झाल्यावरच घेत होता. मला दोन अठ्ठ्या आल्या, समोर दश्शी. तक्ता सांगतो फोड, मी फोडल्या. एका अठ्ठीवर तिर्री आली, अकरा झाले, ते डबल केलं. हजाराच्या डावावर तीन हजार लागले, आणि डीलरने शेवटी एक्का ओढला. तिन्ही हजार गेले. असल्या टेबलावर दश्शी किंवा एक्क्यासमोर अठ्ठ्या फोडायच्या नसतात, अकराही डबल करायचे नसतात. साधं एक पान घ्यायचं. म्हणून बसण्याआधी दोन मिनिटं उभं राहून बघा, डीलर पान कधी घेतो. टेबलावर काय छापलंय तेही वाचा. ब्लॅकजॅकला तीनास दोन असेल तर हजाराला दीड हजार मिळतात. सहास पाच असेल तर बाराशेच. साधारण एकवीस डावांत एकदा ब्लॅकजॅक येतो, त्यामुळे या एका ओळीने कॅसिनोचा वाटा जवळजवळ चौपट होतो. तसलं टेबल असेल तर सरळ जेवायला जावं.

डीलरच्या एक्क्यासमोर, त्याचा ब्लॅकजॅक निघेल म्हणून लावायचा इन्शुरन्स तर नावालाच विमा. सहा कॅट म्हणजे ३१२ पानं. डीलरचा एक्का दिसतोय, उरली ३११. त्यांत दहाची म्हणून धरली जाणारी ९६. दुप्पट पैसे परवडायला ती १०४ असायला हवीत. मी मात्र माझा ब्लॅकजॅक 'वाचवायला' दर वेळी घेत होतो.

तरीही एवढ्याने मी बुडालो नाही. बुडालो ते बेरीज चुकीची केल्याने. चांगल्या नियमांच्या टेबलावर तक्त्याबरहुकूम खेळलं तर कॅसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरतो. मी मांडलं: तासाला साठ डाव, हजाराचा डाव, म्हणजे तासाला तीनशे रुपये. सिनेमापेक्षा स्वस्त! पण ते तीनशे सरासरीचे. पाच तासांत तीनशे डाव होतात आणि तेवढ्यात वीस हजार इकडे किंवा तिकडे होणं अगदी नेहमीचं असतं, एकही चूक न करता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अठरा हजार खाली गेल्यावर मला वाटलं, आपण बरोबर खेळतोय, म्हणजे आता देणं लागतंय. डाव दोन हजारांचा केला, मग पाचाचा. पत्त्यांना मागचं देणं ठाऊक नसतं. पहाटे जेटीवर उतरलो तेव्हा एक्केचाळीस हजार गेले होते आणि घरी सांगायला मी बावीसचा आकडा तयार ठेवला होता.

आता जाणाऱ्याला मी एवढंच विचारतो, की रात्रीचं काय ठरवलंय? पाकिटात किती, आणि एटीएम कार्ड कुणाकडे? डाव पाकिटाच्या पन्नासाव्या हिश्शाहून मोठा नको. कराचाही हिशेब धरा: ऑक्टोबर २०२३ पासून चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, सप्टेंबर २०२५ पासून ४०. तुमच्या हातात चिप्स किती पडणार, हे खिडकीवर आधी विचारा. त्या आकड्यापुढे तक्त्याने वाचवलेला दीड-दोन टक्के म्हणजे चिल्लर. आणि पत्ते मोजून जिंकू म्हणणारा भाचा बरोबर असेल तर त्याला घरीच ठेवा. जिथे यंत्र सतत पानं पिसत असतं तिथे मोजायला काही उरत नाही.

तक्त्यातलं सगळ्यात वाईट घर सोळा विरुद्ध दहाचं. घ्या किंवा थांबा, शंभरातले पंचाहत्तरच्या आसपास डाव जातातच. घेतलं तर केसभर कमी नुकसान. हे घर मनाला पटेपर्यंत बोटीवर जाऊ नये, असं माझं मत.

गेल्या दिवाळीत घरीच मांडलं. बायको डीलर, चिप्सच्या जागी शेंगदाणे. दहा आणि छक्की, सोळा, समोर दश्शी. मी टेबलावर बोट आपटलं.

"दाजी, थांबा की!" मेव्हणा ओरडला.

राणी आली. बायकोने शेंगदाणे ओढून घेतले आणि त्यातले दोन तोंडात टाकले.