‘फुकट’ पिशवीचा हिशेब

किराणा दुकान असो, मटणाचे दुकान असो की भाजीची गाडी, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते व पिशवी मागते. दुकानदार ती देतो आणि तिचा खर्च वहीत कोठेही मांडत नाही. परंतु व्यापारात फुकट असे काही नसते. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे उत्पादन, विक्री, साठा व वापर यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ५ हजार, दुसऱ्यास १० हजार व तिसऱ्यास २५ हजार रुपये दंड आणि तीन महिने कैद अशी त्यात तरतूद आहे. पिशव्या बनविणारा कारखाना कोठे तरी लांब असतो, सापडतो तो टोकाचा दुकानदार. छोट्या धंद्यात पाच हजार रुपये म्हणजे महिनाभराची बचत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. केंद्र शासनाच्या नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन असावी लागते. त्यामुळे ‘जाड पिशवी चालते’ असे आपल्याकडील पुष्कळजण समजतात. महाराष्ट्रातील बंदी मात्र हातात धरायच्या प्लॅस्टिक पिशवीच्या जाडीकडे पाहत नाही. कापडासारखी दिसणारी ‘नॉन-वोव्हन’ पिशवीही मुळात पॉलिप्रॉपिलीन म्हणजे प्लॅस्टिकच आहे. काडी लावून पाहा. सुती कापड जळून राख होते, ही पिशवी वितळून ठिबकते.

प्लॅस्टिक पुन्हा वापरात येते, मग पिशवीवरच राग का, असा प्रश्न व्यापारी बांधव विचारतात. प्रश्न रास्त आहे. धारावीचे तेरा कंपाउंड व मालेगावचे गिट्टीचे कारखाने याच धंद्यावर उभे आहेत. भंगार निवडायचे, धुवायचे, वाळवायचे, वितळवून यंत्रातून शेवयांसारखे धागे काढायचे आणि त्यांचे दाणे कापायचे, असे हे काम आहे. पातळ पिशवी मात्र या रांगेत शिरतच नाही, आणि त्याचे कारण तराजूत आहे. आठ बाय बारा इंचाची २० मायक्रॉनची पिशवी भरते जेमतेम अडीच ग्रॅम. एक किलो करायला अशा चारशेच्या वर पिशव्या वेचाव्या लागतात, त्याही चिखल-खरकट्याने माखलेल्या. तेवढ्या वेळात वेचणारा बाटल्या, डबे व पुठ्ठा गोळा करून कितीतरी अधिक कमावतो. म्हणून तो पिशवी सोडून देतो व ती गटारात जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसाने मुंबई तशीही बुडालीच असती, पण तुंबलेल्या गटारांनी पाणी अडवून धरले, त्यात या पिशव्यांचा वाटा होता.

दुधाची पिशवीही हलकीच असते, तरी भंगारवाला ती आनंदाने घेतो. ती घरात साठते, धुतलेली असते आणि सगळा माल एकाच जातीचा असतो. जात महत्त्वाची आहे, कारण एलडी साधारण ११० अंशांवर, एचडी १३० अंशांवर व पीपी १६० अंशांच्या आसपास वितळते. तिन्ही एकत्र झाली की दाणा कमजोर होतो व भाव पडतो. दुकानात मालाच्या वेष्टनाचे प्लॅस्टिक रोज निघते. ते झाडून टाकण्याऐवजी कोरडे ठेवून जातीनुसार वेगळ्या गोणीत भरले, तर त्याचे पैसे होतात.

मटण व कोंबडीच्या दुकानांतील काळ्या पिशवीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. नाना रंगांचे भंगार एकत्र वितळवले की जो मळकट रंग येतो तो फक्त काळ्यानेच झाकता येतो, म्हणून ती काळी. आधी त्या प्लॅस्टिकात काय भरलेले होते ते कोणालाच ठाऊक नसते. पुनर्वापराच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत खाद्यपदार्थ देण्यास १९९९ च्या नियमांनीच मनाई केली होती. हलाल व ताजा माल देणाऱ्या दुकानदाराने तो असल्या पिशवीत घालावा, हे पटत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला घरून झाकणाचा डबा आणायला सांगावे व वजनात डब्याचा भार आधी वजा करून दाखवावा. संशय तिथेच येतो.

इतर मालाला कापडी पिशवी आहे, आणि येथे शिंपी बांधवांना काम आहे. ३६ इंची पन्ह्याचा मांजरपाट एक मीटर घेतला तर पट्ट्यांसह दोन पिशव्या निघतात. पन्ह्यात १५ इंचांचे दोन तुकडे घ्यावेत, उरलेल्या ६ इंचांच्या दोन पट्ट्या करून त्या मधोमध कापाव्यात, म्हणजे चार हातल्या होतात. चिंधी जवळजवळ उरत नाही. तुकडा मधोमध दुमडल्याने बुडाला शिवण येत नाही, त्यामुळे भार कापडावर पडतो. बाजूंना दुहेरी शिवण घालावी, आणि हातल जोडताना चौकोन मारून आत फुली मारावी. पिशवी फाटते ती नेहमी हातलीपाशी.

मजबुतीचा हा आग्रह उगाच नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने पातळ पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकवायला, सूत काढायला व विणायला पाणी आणि वीज लागतेच. चार वेळांत उसवणारी कापडी पिशवी प्लॅस्टिकपेक्षा बरी म्हणता येणार नाही.

ती फुकटही वाटू नये. आयर्लंडने २००२ मध्ये प्रत्येक प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंट आकार बसवला, तेव्हा वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. किंमत मोजली की माणूस वस्तू जपतो. दुकानदाराने पिशवी लागतच्या दराने विकावी व परत आणल्यास ठरावीक रक्कम वजा करावी. शिंप्यांनी ही ऑर्डर ईदनंतरच्या मंदीत घ्यावी, रमजानमध्ये कोणाला सवड नसते. दुकानाचे नाव छापायचे असेल तर कापड कापल्यावर, शिवण्यापूर्वी छापून वाळवावे. शिवलेल्या पिशवीवर छापले तर शाई पलीकडच्या बाजूस उतरते.