अर्धा कोयता आणि बरोबरचं चिन्ह

१९९४च्या जूनमध्ये मी पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत रुजू झाले. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक गुरुजी आणि एक मी. वर्ग आम्ही आलटूनपालटून घ्यायचो. चौदा वर्षांनी पदवीधर शिक्षक म्हणून जवळच्या मोठ्या गावात गेले, सहावी ते आठवीचं गणित हाती आलं, आणि पाहते तर बाकांवर निम्मी मुलं माझ्याच वाडीची. चौथीत निरोप दिलेली मुलं आठवीत परत भेटली, की आपल्या शिकवण्याचा पंचनामा आपल्याच डोळ्यांसमोर होतो. निवृत्तीआधीची काही वर्षं तालुक्याच्या प्रशिक्षणांत आणि नियोजनाच्या गटांत गेली. या सगळ्यातून हाती लागलं ते हे.

१. सगळ्या इयत्तांची पुस्तकं एका बैठकीत वाचावीत

जूनमध्ये पुस्तकांचे गठ्ठे सुटले, की जो तो आपल्या इयत्तेचं पुस्तक उचलतो. वार्षिक नियोजन, टाचण, घटक चाचणी, सगळं त्या एका पुस्तकापुरतं. एका खोलीत दोन वर्ग असल्याने मला ती चैन नव्हती. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल, चौथीला महाराष्ट्राचा. पहिल्या वर्षी अर्धा तास इकडे, अर्धा तास तिकडे असं केलं. म्हणजे एका वर्गाला शिकवलं आणि दुसऱ्याला गप्प बसवलं.

दुसऱ्या वर्षी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, तर गोदावरी दोन्हींत होती. मग नकाशा एकच लावला. तिसरीची पोरं गोदावरी आपल्या जिल्ह्याच्या कडेकडेने कुठून जाते ते बोटाने दाखवायची. चौथीची तीच रेघ मागे त्र्यंबकेश्वरपर्यंत आणि पुढे नांदेडपर्यंत न्यायची, आणि पैठणला धरण का बांधलं यावर वाद घालायची. तिसरीचे कान उघडेच असत. पुढच्या वर्षी ती चौथीत आली तेव्हा त्या वादात थेट उडी मारायलाच आली होती.

जेरोम ब्रूनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०मध्ये हेच मांडलं होतं. तीच कल्पना मुलाच्या वयाप्रमाणे पुन्हा पुन्हा भेटावी, दर वेळी थोडी अधिक खोल. डी.एड.च्या पेपरात मी त्यावर पानभर लिहून गुण घेतले होते. कळलं मात्र त्या खोलीत.

२. पहिलीत उच्चारलेला शब्द आठवीत वाट अडवतो

आठवीला समीकरणं शिकवताना सगळा वर्ग एकाच जागी अडकायचा. एक दिवस सगळं बाजूला ठेवून फळ्यावर लिहिलं: ८ + ४ = ▢ + ५. चौकटीत काय? बहुतेकांनी १२ लिहिले. दोघांनी सगळ्याची बेरीज करून १७. सात लिहिणारी मुलं एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी.

चूक शोधत मागे गेले, ती थेट माझ्याच पहिलीच्या वर्गात पोचले. 'तीन अधिक दोन बरोबर पाच' असं मी तालासुरात म्हणून घ्यायचे. आपल्याकडे 'बरोबर' हा शब्द दोन चाकऱ्या करतो. गणितात त्याचा अर्थ सारखं, आणि बाईंच्या लाल पेनात त्याचा अर्थ शाब्बास. मुलाने पहिल्या दिवसापासून त्या चिन्हाचा अर्थ धरला, 'आता उत्तर लिही'. दुसरा अर्थ लावायची वेळ मी चार वर्षांत त्याच्यावर आणलीच नाही, कारण माझी सगळी उदाहरणं डावीकडे बेरीज आणि उजवीकडे रिकामी जागा अशीच असायची.

त्यानंतर पहिलीच्या शिक्षकांना मी एकच विनंती करत आले. कधी ५ = ३ + २ असं उलटं लिहा. कधी ४ + १ = ३ + २ लिहा. तराजूच्या दोन पारड्यांत चिंचोके टाकून 'दोन्हीकडे सारखं' असं म्हणा. याला जादा तासिका लागत नाही, साहित्यालाही पैसे पडत नाहीत.

३. मुलाची अडचण थट्टेवारी नेऊ नये

'एकोणतीस लिही' म्हटलं की दुसरीतलं मूल ३९ लिहितं. कानाला 'तीस' ऐकू येतं आणि 'एकोण' म्हणजे नऊ असेल असं ते धरून चालतं. 'बासष्ट'मध्ये तोंड आधी दोन म्हणतं, हाताला मात्र आधी सहा लिहायचे असतात. आपण मोठे झालो म्हणून ही कसरत आपल्याला दिसत नाही.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' अशी मांडणी आली आणि राज्यभर विनोदांचा पाऊस पडला. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. घरोघर 'सत्तावीस', 'पंचेचाळीस' बोललं जातं, ते शब्द जाऊ नयेत असं मलाही वाटत होतं. पण हसणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या मुलाला २९ लिहिताना पाहिलं होतं?

वाडीवर असताना मी दोन्ही ठेवलं होतं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करायचे, मोजताना 'वीस आणि सात' म्हणायचं आणि लगेच 'म्हणजे सत्तावीस'. दिवाळीपर्यंत बहुतेकांचा 'वीस आणि सात' आपोआप गळून पडायचा. स्लॅब भरताना लावलेली फळी कुणी कायमची ठेवत नाही, पण म्हणून ती लावूच नये असंही कुणी म्हणत नाही.

४. अभ्यासक्रमालाही हंगाम असतो

हे शिकायला मला सर्वांत जास्त वर्षं लागली, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आमच्या भागात दिवाळी झाली की वाडीवर ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रक आणि ट्रॅक्टर येतात. घरांना कुलपं लागतात. पट अडतीस असला तरी हजेरी पंधरावर येते. आजीआजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहणारी पोरं तेवढी उरतात. बाकीची उसाच्या फडाकडे, कोपीत. परततात गुढीपाडव्याच्या आसपास.

आमच्या नियोजनात अपूर्णांक दुसऱ्या सत्रात होता. तिसरीत दुसऱ्या सत्रात, चौथीत दुसऱ्या सत्रात, पुढे पाचवीतही तिथेच. म्हणजे जे मूल दर वर्षी फडावर जात होतं, त्याच्या वाट्याला अपूर्णांक कधीच येत नव्हता. एकाही शिक्षकाने काम टाळलं नव्हतं. प्रत्येकाचं आपापल्या इयत्तेचं नियोजन निर्दोष होतं. फक्त ते एकाखाली एक ठेवून कुणी पाहिलं नव्हतं. सहावीत मी 'या पोरांना अपूर्णांकाचं डोकंच नाही' असं बोलूनही गेले होते.

मग आम्ही क्रम फिरवला. अपूर्णांक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणला; लांबी, वजन आणि आकृत्या मागे ढकलल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, 'क्रम का मोडला?' मी हजेरीपत्रक पुढे केलं. त्यांनी ते पाहिलं आणि शेऱ्याच्या वहीत काहीच लिहिलं नाही. आम्ही तेवढीच परवानगी समजलो.

त्या पहिल्याच ऑगस्टमध्ये तिसरीचा एक तास मीच घेतला आणि विचारलं, 'अर्धं कशाकशाला म्हणतात?' माझ्या टाचणात भाकरी होती. पोरांनी भाकरी सांगितली, लिंबू सांगितलं, अर्धं तिकीट सांगितलं. मागून एक जण म्हणाला, 'अर्धा कोयता.' ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. मी म्हटलं, 'शाब्बास, कुणाचा बघितलास?' तो म्हणाला, 'आमचाच हाय बाई. आई गेल्यापून.'

पुढचा प्रश्न मला सुचला नाही. पण अपूर्णांक या मुलांना परका आहे असं मी त्यानंतर कधी म्हटलं नाही.

२०२१मध्ये, करोनानंतर, राज्यभर पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आला. मुलांचं मागचं राहून गेलंय हे सगळ्यांना एकदम पटलं होतं. आमच्या वाडीला असा सेतू दर एप्रिलमध्ये लागत होता.

५. चुकीचं उत्तर हा मागच्या इयत्तेचा निरोप असतो

'०.५ मोठा की ०.२५?' सहावीत हमखास उत्तर येतं, ०.२५. का? 'पंचवीस मोठे ना बाई.' ही मुलं दशांश चिन्ह शिकली ती रुपये-पैशांवरून. साडेतीन रुपये म्हणजे ३.५०. त्यांच्या लेखी टिंबाच्या डावीकडे एक संख्या आणि उजवीकडे दुसरी, मधे नुसती भिंत. पैशांचं उदाहरण चौथी-पाचवीत फार सोयीचं पडतं, आणि सहावीत त्याचंच कर्ज फेडावं लागतं. त्याच्या जोडीला पट्टीवरचे सेंटिमीटर-मिलिमीटर तेव्हाच दाखवले, तर हे कर्ज वाढत नाही.

२०१०पासून आकारिक मूल्यमापन आलं, नोंदींचे रकाने आले. 'प्रगती समाधानकारक' असं मीही शेकडो वेळा लिहिलं. त्या रकान्यात मुलाचं एक चुकीचं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवलं, तर पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला ते शंभर शेऱ्यांपेक्षा उपयोगी पडतं.

६. घालणं सोपं, काढणं कठीण

नियोजनाच्या गटात बसले तेव्हा पाहिलं, की प्रत्येक जण काही ना काही घेऊन येतो. कुणाला रस्ता सुरक्षा हवी, कुणाला योग, कुणाला संगणक, कुणाला पावकी-दिडकीचे पाढे परत हवेत. सगळंच चांगलं. पण शाळेचा दिवस तेवढाच. शेवटी नियम केला: ज्याला एक घालायचं असेल, त्याने एक काढूनही दाखवायचं. पहिल्या दिवशी दीड तास कुणीच बोललं नाही.

७. खेड्याचा अभ्यासक्रम वेगळा असावा, हलका नव्हे

१८८२मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असं त्यांनी मांडलं. खेड्यातल्या शाळांत विषय थोडे कमी चालतील, पण ते कमी व्यवहारोपयोगी असू नयेत, असंही सांगितलं. 'स्थानिक संदर्भ' म्हणून दोन झाडांची नावं बदलून आम्ही मोकळे होतो, तेव्हा मला हे निवेदन आठवतं.

आठवीत एकदा पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण बाजूला ठेवलं आणि उचलीचा, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांचा, हिशेब घेतला. आकडे सोपे धरले. उचल ९०,००० रुपये, तोडणी टनाला ३००, एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो. किती दिवसांत फिटेल? ६०० क्ष = ९०,०००, म्हणून क्ष = १५०. पाच महिने. मी खूश. हंगामही साधारण तेवढाच.

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. 'आणि खर्ची, बाई?'

खर्ची म्हणजे आठवड्याला किराण्यासाठी मुकादमाकडून घ्यायचे पैसे. तेही अंगावरच चढतात. मी विसरले होते, ती कशी विसरेल? दिवसाला शंभर रुपये धरले. जितके दिवस जास्त, तितकी खर्ची जास्त. म्हणजे क्ष आता दोन्हीकडे आला: ६०० क्ष = ९०,००० + १०० क्ष.

दोन्ही बाजूंना अज्ञात असलेलं समीकरण शिकवायला मला एरवी आठवडा जायचा. त्या दिवशी कुणी विचारलंच नाही, की दोन्हीकडून १०० क्ष का वजा करायचे. ५०० क्ष = ९०,०००. क्ष = १८०. सहा महिने, हंगाम पाच महिन्यांचा. वर्ग गप्प झाला. मग तीच मुलगी हळूच म्हणाली, 'म्हणून पुढल्या साली परत जावं लागतं.'

गणित तिने सोडवलं होतं. मांडलंही तिनेच.

८. जूनमध्ये पुस्तकासोबत एक कागदही द्यावा

मुख्याध्यापकांच्या मागे लागून आम्ही शेवटची काही वर्षं एक पद्धत पाळली. वर्ग पुढे जाताना जुन्या शिक्षकाने नव्याला एक पान लिहून द्यायचं. गुणांचं नव्हे. कुठला घटक घाईत उरकला, कोण कोणत्या महिन्यात गावी नसतं, कोणता शब्द मी चुकीचा रुजवून ठेवलाय, एवढंच. स्वतःच्या चुकांची यादी दुसऱ्याच्या हाती द्यायला सुरुवातीला जीव कचरतो. पण इयत्ता तेवढी आपली असते, मूल तर सगळ्याच इयत्तांमधून जाणार असतं.

निवृत्त होताना माझ्या जागी आलेल्या तरुण बाईंना मी असंच एक पान दिलं. पहिली ओळ होती: 'बरोबर म्हणजे उत्तर नव्हे, सारखं.' त्यांनी पान वाचलं, उलटून पाहिलं आणि विचारलं, 'मॅडम, पण पाचवीला कोण शिकवतं? त्यांना आधी भेटते.'

मी त्यांना खोली दाखवली आणि घरी आले.