बिऱ्हाड कुठे थाटायचं?

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहावीपर्यंत अकोल्यात 'मे आय कम इन सिस्टर' करत वाढलेली मुलगी मराठी विभागासाठी लेख लिहिते म्हटल्यावर माझी रूममेट हसून हसून कॉटवरून पडायची बाकी राहिली. पण हा विषय मला इंग्रजीत लिहिता येत नाही. यात आजी आहे, आणि आजी इंग्रजीत बसत नाही. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावेत.

विषय साधा आहे. वडिलांची बदली होते, नाहीतर आपल्याला नोकरी लागते आणि आपण घरच्यांना सोबत आणतो. शहर अनोळखी असतं. मग घर बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? होस्टेलवरच्या बहुतेकांवर ही वेळ येणार आहे. स्टाफमध्ये बाहेरगावाहून आलेले सर आणि मॅडम यातून गेलेच असतील, त्यांनी माझ्या चुका काढाव्यात.

बाबांची बदली जून २०२४ मध्ये पुण्याला झाली. ऑफिस शिवाजीनगरला. बाबा महाराष्ट्र एक्सप्रेसने आले, तीन दिवस लॉजवर राहिले आणि वाघोलीला चौथ्या मजल्यावर फ्लॅट ठरवून मोकळे झाले. बाबांचं गणित चूक नव्हतं हं! मार्च २०२४ मध्येच मेट्रो रामवाडीपर्यंत आली होती. वाघोलीहून रामवाडी बसने, पुढे थेट सिव्हिल कोर्ट स्टेशन. दोन बेडरूम, भाडं बजेटमध्ये, हॉलमध्ये झोपाळा टांगायला हूक. त्या हूकचा फोटोसुद्धा त्यांनी पाठवला. मी इकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला सेमिस्टरच्या तयारीत. मी 'छान आहे' एवढंच टाइप केलं. चुकीत माझाही वाटा आहे तो असा.

वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या तेवीस गावांपैकी एक. पण नाव महापालिकेत आलं म्हणून नळाचं पाणी त्याच दिवशी येत नाही. आमच्या सोसायटीत टँकर होते. अकोल्याच्या माणसाला पाणी साठवायला शिकवावं लागत नाही, आईने पहिल्याच आठवड्यात दोन ड्रम आणले. पाण्याने आमचं फार बिघडलं नाही. बिघडलं ते वेगळ्याच गोष्टीने.

आजी ७४ वर्षांची. अकोल्यात ती रोज सकाळी देवळात जायची आणि येताना भाजी घ्यायची. इथे गेटबाहेर पडलं की सरळ रस्ता, फुटपाथ नाही, अंगावरून डंपर जाणार. दोन दिवस प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवसापासून गॅलरीत बसायला लागली. मी रविवारी गेले की विचारायची, "काहून वं, इथं मानसं राह्यतात का नुसत्या गाड्या?" आई दिवसभर तिच्यासोबत. शेजारचे दोन्ही फ्लॅट सकाळी आठला कुलूप लावून जाणारे. धाकटा भाऊ शाळेच्या बसमध्ये जाऊन-येऊन अडीच तास.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी आजीला दम लागला. लाईट गेलेली, जनरेटरचं डिझेल संपलेलं, लिफ्ट बंद. बाबा अजून मेट्रोत. आईला इमारतीत कोणाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ती जिन्यात उभी राहून नुसती "कोणी आहे का" ओरडत होती. शेवटी वॉचमन आणि दोन अनोळखी मुलांनी आजीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. अ‍ॅम्ब्युलन्स नगर रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. घरातून निघून डॉक्टरांपुढे पोचायला पन्नास मिनिटं लागली. आजी वाचली. पण त्या रात्री बाबा काही बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाले, "करार संपला की आपण दुसरीकडे जायचं. आता तू शोध."

मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, म्हणजे आधी एक्सेल उघडणार हे ओघाने आलंच. पण या वेळी मी भाडं किंवा चौरस फूट यापासून सुरुवात केली नाही. प्रत्येक माणूस आठवड्याच्या १६८ तासांपैकी किती तास जागा असताना त्या परिसरात असतो, ते लिहिलं. आजी ११२. आई १०५. भाऊ ६१. बाबा ३२. बेरीज ३१०. म्हणजे वेटेज काढलं तर आजीचं ३६ टक्के, आईचं ३४, भावाचं २० आणि बाबांचं १० टक्के! आणि घर निवडलं होतं त्या दहा टक्केवाल्या माणसाने, त्याच्या ऑफिसच्या सोयीने. बाबांना हा तक्ता दाखवला तेव्हा ते म्हणाले, "आणि भाडं कोण भरतं त्याचं वेटेज?" मुद्दा बरोबर आहे, म्हणून भाड्याची वरची मर्यादा त्यांनी ठरवली. बाकी गुण मात्र याच वजनाने द्यायचे असं ठरलं.

आता गुण द्यायचे कसे? आजीचा चालण्याचा वेग मी घड्याळ लावून मोजला. सेकंदाला साधारण ०.६ मीटर. म्हणजे ४०० मीटरला अकरा मिनिटं. एजंट "सगळं पाच मिनिटांवर" म्हणतो ते त्याच्या बाईकवरून. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी त्या वेगाने चालले. लोक बघतात, बघू द्यावं. किराणा, मेडिकल, डॉक्टर, देऊळ आणि मध्ये बसायला एखादा कट्टा, एवढं ४०० मीटरच्या आत पाहिजे. त्यात मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल तर ते अंतर शून्य धरायचं, कारण आजी तो ओलांडणारच नाही.

दुसरं म्हणजे चुकीच्या वेळी जायचं. घर दाखवणारे नेहमी रविवारी सकाळी अकराला बोलावतात. तेव्हा सगळंच छान दिसतं. मी एकेका गल्लीत सोमवारी साडेआठला आणि एकदा रात्री नऊला गेले. दुपारी दोनला गेलं तर तो परिसर आईला कसा दिसणार ते कळतं. कोणी दिसतं का, की सगळी दारं बंद? एका ठिकाणी दुपारी तीन बायका पायरीवर बसून मटार सोलत होत्या. मी वहीत त्याला पूर्ण गुण दिले.

पाण्याचं एजंटला नाही, वॉचमनला विचारायचं आणि सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचायचा. लिफ्ट कितीदा बंद होती, टँकरची वर्गणी किती, सगळं तिथे चिकटवलेलं असतं. हिशेब आपणही करू शकतो. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं आपल्याकडचं ठरलेलं प्रमाण. चाळीस फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं, म्हणजे रोज २१,६०० लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर रोज, तेही पुरे नाहीत. हे आकडे सांगितल्यावर मेन्टेनन्स कोणाच्या खिशातून जातो ते बाबांना लगेच कळलं.

इथपर्यंत मला वाटत होतं की मी फार हुशार आहे. सर्वांत जास्त गुण मिळालेलं घर सिंहगड रस्त्यावर होतं. तळमजला, म्हणजे आजीला जिना नाही. देऊळ जवळ, मागे नदी, वारा सुंदर. आईने तर पडद्यांचं माप घेतलं. मेसमध्ये फुशारकी मारत होते, तर सिव्हिलच्या एका मित्राने पोळी मोडता मोडता विचारलं, "पूररेषा बघितलीस का?" माझ्या तक्त्यात तो कॉलमच नव्हता!

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर त्याच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं होतं. आम्ही तेव्हा वाघोलीत, सामान लावण्यात मग्न. बातमी पाहिली आणि विसरलो. पुण्याला पूर काही नवा नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर आणि अरण्येश्वरकडे जे केलं ते बघितलं तर कळतं की नदीच लागते असं नाही, ओढाही पुरतो.

मित्राने समजावलं ते असं. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विकास आराखड्याच्या नकाशात त्या दाखवलेल्या असतात. '२५ वर्षांतून एकदा' ऐकून आपण म्हणतो, येऊन गेला, आता निवांत. तसं नसतं. दर वर्षी चार टक्के शक्यता, प्रत्येक वर्षी नव्याने. पाच वर्षं राहायचं तर एक वजा ०.९६ चा पाचवा घात, म्हणजे साडेअठरा टक्क्यांच्या आसपास. तळमजल्यावर गुडघे दुखणारी आजी आणि साडेअठरा टक्के. आईने पडद्यांच्या मापाचा कागद फाडला, पण दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

एक कडू गोष्टही लिहिते. दोन ठिकाणी घराआधी आडनाव विचारलं आणि आडनाव सांगितल्यावर "मालक बाहेरगावी गेलेत" झालं. एका ठिकाणी अंडी चालतात का यावर सगळा इंटरव्ह्यू. आपल्या होस्टेलच्या मुलांना 'बॅचलर' म्हणून हे होतंच, पण आईसमोर झालं तेव्हा जास्त लागलं. या कॉलमला गुण कसे द्यायचे ते मला समजलं नाही. आई म्हणाली, जिथे दारातच असं विचारतात तिथे रात्री जिन्यात ओरडलं तरी कोण येईल? ती घरं तिने तक्त्यातून काढून टाकली.

कागदपत्रांचं थोडक्यात: अकरा महिन्यांचा करार असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी करावीच लागते, भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. घरबसल्या ऑनलाईन होते. लॉक-इनची अट वाचून सही करा, आम्ही वाघोलीला न वाचता केली होती. विकत घेणाऱ्यांनी महारेरा नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्र बघावं, तो वेगळा लेख होईल.

शेवटी एप्रिल २०२५ मध्ये, भावाची परीक्षा झाल्यावर, कोथरूडला आलो. जुनी तीन मजली इमारत, आम्ही पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अठरा पायऱ्या. वाघोलीच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे आणि एक बेडरूम कमी. झोपाळ्याला हूक नाही. बाबा वनाजहून मेट्रोने जातात. भावाची शाळा बदलली आणि त्याने मला अजून माफ केलेलं नाही, कारण त्याचे वाघोलीच्या बसमधले मित्र सुटले. त्याच्या वीस टक्क्यांत मित्र मी मोजलेच नव्हते.

आजी अठरा पायऱ्या दोनदा थांबून उतरते. भाजीवाल्या मावशींशी तिचं रोज कोथिंबिरीवरून भांडण होतं. पहिल्याच महिन्यात तिला इमारतीतल्या सगळ्यांची नावं, कोणाचा कोणता गुडघा दुखतो यासकट, पाठ झाली.

आईने दुपारी शिवणाचा क्लास लावलाय, त्यामुळे तिचे १०५ तास आता ९० वर आले आहेत. करार नव्याने करायचा तर मालकांनी भाडं वाढवून मागितलंय. मी फाईल पुन्हा उघडली आहे. या वेळी 'पूर' आणि 'मित्र' असे दोन कॉलम वाढवले आहेत. आजी म्हणते, "मले इचारल्याशिवाय कुठीसा जाऊ नका."