हालचालीआधी सावरणारे स्नायू

वाचता वाचताच एक करून पाहा. कमरेच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या अंगाला जी टोकदार हाडं हाताला लागतात, त्यांच्या किंचित आत पोटावर बोटं टेकवा आणि हलकेच खोका. बोटांखाली काहीतरी घट्ट होऊन पुन्हा सैल पडल्याचं जाणवेल. तुम्ही ते मुद्दाम केलं नाही, शरीरानं आपणहून केलं. कोअर स्नायूंचं खरं काम हेच आहे.

‘कोअर’ म्हटलं की अनेकांना पोटावरचे सिक्स पॅक आठवतात. ते दिसणारे स्नायू बाहेरच्या थरातले. महत्त्वाचा आतला थर एखाद्या बंद डब्यासारखा आहे. वर श्वासपटल, तळाशी ओटीपोटाला खालून आधार देणारे पेल्विक फ्लोअरचे स्नायू, पुढून आणि बाजूंनी पोटाला आडवा वेढणारा ट्रान्सव्हर्स ॲब्डॉमिनिस, आणि मागे मणक्यामणक्याला जोडणारा मल्टिफिडस. हे चौघं एकत्र आवळले की पोटाच्या आतला दाब वाढतो आणि कमरेच्या पाच मणक्यांना आधार मिळतो. हा आधार किती मोलाचा आहे पाहा: स्नायू काढून नुसती हाडं, चकत्या आणि अस्थिबंध ठेवलेला कमरेचा कणा प्रयोगशाळेत सुमारे 90 न्यूटन, म्हणजे साधारण नऊ किलोच्या भारालाच वाकतो. भरलेला घरगुती सिलिंडर जवळजवळ 30 किलोचा असतो.

ताकदीइतकंच महत्त्व वेळेला आहे. ऑस्ट्रेलियातले पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी 1996 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. उभ्या माणसांना हात झटकन उचलायला सांगून त्यांनी स्नायूंमधले विद्युतसंकेत नोंदवले. निरोगी माणसांमध्ये ट्रान्सव्हर्स ॲब्डॉमिनिस हा खांद्याच्या स्नायूच्याही आधी कामाला लागला. हलायचा होता हात, पण शरीरानं आधी धड सावरलं. वारंवार कंबर दुखणाऱ्यांमध्ये मात्र त्याला उशीर झाला. उशिरामुळे कंबर दुखते की दुखण्यामुळे उशीर होतो, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण चालताना, जिना चढताना, बादली उचलताना हातपायांचा जोर धडातूनच जातो आणि ते धड आधी स्थिर व्हावं लागतं, हे त्यातून स्पष्ट होतं.

म्हणूनच माझं सांगणं असं, की पोट दिवसभर आत ओढून ठेवू नका. त्यानं श्वास उथळ होतो आणि पेल्विक फ्लोअरवर विनाकारण ताण येतो. गरज पडेल तेव्हा आवळणारा आणि काम झालं की सैल सुटणारा स्नायूच निरोगी. नुसते सिट-अप्स किंवा क्रंचेस काढूनही हे साधत नाही. हातपाय हलत असताना धड स्थिर ठेवायचा सराव हवा.

घरी चटईवर करता येतील असे तीन व्यायाम सांगते.

पहिला: गुडघे आणि तळहात टेकून ओणवे व्हा. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, मग बाजू बदला. कंबर खाली झुकू देऊ नका.

दुसरा: उताणे झोपून गुडघे दुमडा, तळपाय टेकवा आणि कंबर हळूहळू वर उचला. योगासनं करणाऱ्यांना हे सेतुबंधासन परिचयाचं असेल.

तिसरा: कुशीवर होऊन कोपर आणि दुमडलेल्या गुडघ्यांच्या आधारे कंबर जमिनीपासून उचला.

प्रत्येक स्थितीत सात ते दहा सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा आणि पाच-सहा वेळा करा. श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी हे विशेष सांभाळावं. याच्या जोडीला रोजचं चालणं सोडू नका. जुनाट कंबरदुखीत केवळ कोअरचे व्यायाम इतर नियमित व्यायामांपेक्षा दीर्घकाळात फार सरस ठरलेले नाहीत. सातत्य अधिक महत्त्वाचं.

जड वस्तू उचलताना ती अंगाजवळ घ्या, गुडघ्यांत आणि खुब्यांत वाका, उचलताना श्वास सोडा. वळायचं असेल तर कमरेत पीळ देण्याऐवजी पावलं वळवा.

बाळंतिणींसाठी थोडं वेगळं. आपल्याकडे बाळंतपणानंतर पोट बांधतात. पट्ट्यानं आधार वाटतो, पण स्नायूंना बळ त्यांनी स्वतः काम केल्यावरच येतं. उताणं झोपून डोकं उचलताना पोटाच्या मध्यरेषेवर उंचवटा येत असेल, तर पुढचे दोन स्नायू एकमेकांपासून दूर सरकलेले असू शकतात. अशा वेळी क्रंचेस टाळा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. खोकताना, शिंकताना लघवी सुटत असेल, तर ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ म्हणून सोसत बसू नका. पेल्विक फ्लोअरच्या व्यायामांनी त्यात पुष्कळ सुधारणा होते.

पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणं, यांपैकी काही झालं तर व्यायाम थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठा. पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी, तिच्यासोबतचा ताप किंवा विनाकारण घटणारं वजन हेही डॉक्टरांना लवकर दाखवा.

सुधारणा मोजायला टेप लावू नका. जमिनीवरून उठताना हाताचा टेकू कमी लागतो का, कणीक मळताना किंवा दुचाकी स्टँडवर लावताना कंबर भरून येते का, हे दर पंधरा दिवसांनी पाहा. त्यात फरक पडू लागला, तर तुमचा सराव योग्य दिशेनं चालला आहे.