थंडीतला वाढदिवस आणि आगीची काळजी

दहावी-अकरावीतल्या मुलाचा वाढदिवस डिसेंबर-जानेवारीत येत असला, की घरात पहिली बोलणी होतात ती केक कुठून आणायचा, मित्र किती बोलवायचे आणि सोसायटीची गच्ची मिळेल का, यावर. मी पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत, जाधववाडीच्या बाजूला राहते आणि माझ्या मुलाचा वाढदिवस जानेवारीत असतो. आता माझ्याकडे कुणी सल्ला विचारायला आलं, तर मी मेनूच्या आधी आगीचं विचारते. केकवर काय पेटवणार, खोलीत किती जण असणार, खिडकी उघडी राहणार का, कुणाच्या अंगावर काय कपडे असणार? समोरचा माणूस दचकतो. पण थंडीतला वाढदिवस उन्हाळ्यातल्या वाढदिवसापेक्षा याच बाबतीत वेगळा असतो. सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, इंद्रायणीकडून गार वारा सुटतो आणि मुलं आपसूक आत येतात. दारं लावली जातात, पडदे ओढले जातात. अंगात हुडी, गळ्यात स्टोल, वर पॉलिएस्टरचं जॅकेट. अशा भरलेल्या, बंद खोलीत कुणीतरी काडी ओढतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याच इमारतीत एका मुलीचा पंधरावा वाढदिवस होता. क्लबहाऊसमध्ये कार्यक्रम, वीस-पंचवीस पोरं-पोरी, आम्ही शेजारच्या बायका भिंतीला लागून उभ्या. केकवर ती उभी ठिणग्या उडवणारी नळी लावली होती, जिला दुकानात स्पार्कल कँडल म्हणतात. ती पेटली आणि त्याच क्षणी मागून दोघांनी फेसाचे डबे उडवायला सुरुवात केली, बर्फासारखा पांढरा फेस येतो ते. एकदम भपकन जाळ झाला. केकपाशी वाकलेल्या मुलीच्या मैत्रिणीचा स्टोल पेटला, केस पेटले. पोरं किंचाळून मागे सरली आणि दाराशी अडकली, कारण दाराचा एकच पल्ला उघडा होता. एका काकूंनी खुर्चीवरची जाड शाल तिच्यावर टाकून दाबली, तिथेच विझलं. कान आणि मानेची एक बाजू भाजली. आम्ही तिला आधी बेसिनच्या नळाखाली धरलं आणि मग दवाखान्यात नेलं. आता ती बरी आहे, पण कानामागचे डाग अजून आहेत आणि गॅस पेटवताना ती एक पाऊल मागे सरते.

त्या डब्यांवर काय लिहिलेलं असतं, ते मी दुसऱ्या दिवशी कचऱ्यातून डबा काढून वाचलं. अगदी बारीक अक्षरांत ज्वलनशील असल्याची सूचना असते. फेस बाहेर ढकलायला आत बहुधा ब्युटेन आणि प्रोपेन भरलेला असतो, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात असतो तोच गॅस. फेस हाताला गार लागतो म्हणून मुलांना तो निरुपद्रवी वाटतो. फवारा सुटताना त्याच्याबरोबर गॅसही हवेत पसरतो आणि ठिणगी मिळाली की पेटतो. साधी फुलबाजी घ्या, तिच्या टोकाचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. ही नळी त्याच जातीची आहे, आत बारूद असतं. तिला मेणबत्ती म्हणून विकतात, म्हणून आईबाप तिला मेणबत्तीइतकीच समजतात. फटाका म्हणून विकली असती, तर घरात, मुलांच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर कुणी ती लावली नसती.

आणि आम्हा चिखलीकरांना तर या नळ्यांचं वेगळं दुःख आहे. ८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. आमच्या लगतच्या तळवड्यात, ज्योतिबानगरमधल्या एका शेडला दुपारी आग लागली. तिथे नेमक्या याच वाढदिवसाच्या स्पार्कल कँडल बनवल्या जात होत्या. त्याच दिवशी सहा जीव गेले आणि भाजलेल्यांपैकी आणखी काही जणी नंतरच्या दिवसांत ससूनमध्ये उपचार चालू असताना गेल्या. मरण पावलेल्यांत बहुतेक बायका होत्या, रोजावर काम करणाऱ्या. तळवडे, चिखली, मोशी या पट्ट्यात अशा पत्र्याच्या शेडमधून पॅकिंगची, जुळवाजुळवीची बारीकसारीक कामं चालतात आणि घरातलं आवरून त्या कामाला जाणाऱ्या बायका सकाळी रस्त्याने घोळक्याने चालताना दिसतात. त्या दिवशी सायरनचे आवाज कितीतरी वेळ येत होते. केकवर अर्धा मिनिट उडणाऱ्या ठिणगीसाठी या बायका गेल्या, हे मला तेव्हापासून विसरता येत नाही. मुलाला मी हे तसंच सांगितलं. तो काही वेळ गप्प बसला आणि म्हणाला, मग आपण नको आणूया. त्याला दटावावं लागलं नाही, मनवावंही लागलं नाही. सोळा वर्षांच्या मुलाला नुसतं 'नाही' म्हटलं की तो वाद घालतो. खरी हकीकत सांगितली तर तो स्वतः ठरवतो, हा माझा अनुभव आहे.

म्हणून पहिली गोष्ट: केकची ऑर्डर देतानाच बेकरीवाल्याला सांगा की डब्यात स्पार्कल कँडल टाकू नका. बरेच दुकानदार ती न मागता सुरी आणि टोपीबरोबर देतात. साध्या मेणाच्या छोट्या मेणबत्त्या पुरतात. सोळा लावायचा हट्ट असेल तर पसरट केक घ्या, म्हणजे त्या एकमेकींना चिकटून उभ्या राहणार नाहीत. मेणबत्त्या लावण्याआधी मोकळे केस बांधायचे, स्टोल आणि ओढण्या काढून ठेवायच्या, हुडीच्या दोऱ्या आत घालायच्या. मुलं हसतात, हसू देत. फेसाचे डबे तुम्ही आणले नाहीत तरी मित्र आणतात, म्हणून आमंत्रणाच्या मेसेजमध्येच लिहा की फेस आणि फटाके आणू नका. हा मेसेज मुलाच्या नावाने, त्याच्याच भाषेत जाऊ दे. आईने लिहिलेला ओळखू येतो आणि मग कुणी ऐकत नाही.

फुग्यांचंही बघा. छताला चिकटणारे फुगे हवे असतील तर त्यात हेलियम लागतो आणि तो महाग पडतो. स्वस्तात भरून देणारे पुष्कळदा हायड्रोजन भरतात. हायड्रोजन ठिणगीने स्फोटासारखा पेटतो आणि पंधरा-वीस फुग्यांचा झुपका मेणबत्तीच्या वर टांगलेला असेल तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. सजावटवाल्याला सरळ विचारा की गॅस कुठला. उत्तर गुळमुळीत आलं तर तोंडाने किंवा पंपाने फुगवा आणि भिंतीला लावा. फोटो तितकाच छान येतो.

आता गच्ची. थंडीत गच्चीवर कार्यक्रम ठेवला की वारा अडवायला चारही बाजूंनी कापड किंवा प्लास्टिक बांधतात, वर मांडवाचं छत, कडेने दिव्यांच्या माळा. मला याची फार भीती वाटते आणि त्याला कारण आहे. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र नुकतीच उलटलेली असताना मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलला आग लागली. चौदा माणसं गेली. त्यात स्वतःचा वाढदिवस साजरा करायला आलेली एक तरुणी होती आणि तिच्याबरोबर आलेल्याही काही जणी होत्या. बऱ्याच जणांचा जीव ज्वाळांनी गेला नाही, धुराने गुदमरून गेला. गोव्यात हडफड्याच्या नाईट क्लबात २०२५ च्या ६ डिसेंबरच्या रात्री पंचवीस जण गेले. आत उडवलेल्या शोभेच्या फटाक्यांमुळे छत पेटल्याचं प्राथमिक चौकशीत सांगितलं गेलं. आपली गच्ची म्हणजे काही नाईट क्लब नव्हे, पण कापड तेच असतं आणि जिना बहुतेक ठिकाणी एकच असतो. तर दोन बाजू उघड्या ठेवा. जिन्याचं दार सताड उघडं आणि त्याच्यासमोर टेबल, स्पीकर, चपला काही नाही. पाण्याची भरलेली बादली आणि एक जाड सुती गोधडी हाताशी. सोसायटीचा अग्निशामक सिलिंडर कुठे आहे आणि त्याची मुदत संपली आहे का, हे सेक्रेटरींना आधी विचारा, म्हणजे ते पण जागे होतात.

शेकोटीचा मोह मुलांना होतोच आणि मी तिच्या विरोधात नाही. पण ती जमिनीवर, मोकळ्या जागी, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. आमच्याकडे मुलं आजूबाजूच्या भंगारातून जे मिळेल ते पेटवतात, टायरचे तुकडे, फोम, प्लास्टिकचे क्रेट. थंडीत हवा खाली बसते, धूर वर जातच नाही आणि आधीच खोकणारा एखादा मित्र असला तर त्याची रात्र जड जाते. लाकूड किंवा गोवऱ्याच जाळा. पेट्रोल-डिझेल ओतून आग भडकवू देऊ नका, याबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

खरं तर आम्ही यातून एक वाट काढली आणि ती मला मनापासून आवडली. रात्रीची पार्टीच ठेवली नाही. जानेवारी हा हुरड्याचा महिना. मुलाच्या मामांच्या शेतावर रविवारी सकाळी मुलं नेली. आगटी पेटवली ती मामांनी, कणसं भाजली त्यांनी, मुलांनी गरम कणसं चोळून दाणे काढले. हुरड्याबरोबर शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं, पेरू. आधी दोघा-तिघांनी नाकं मुरडली, त्यांना मोमो हवे होते. अकरा वाजता तेच सगळ्यात जास्त खात होते. क्रिकेट झालं, विहिरीपाशी न जाण्याची ताकीद पाळली गेली, केक उन्हात कापला. ऊन असलं की ठिणग्यांच्या नळीची कुणाला आठवणही होत नाही, कारण ती अंधारातच शोभते. संध्याकाळी पाचला सगळे आपापल्या घरी. ज्यांचं शेत नाही त्यांना इथल्या इथे बागेत किंवा मैदानावर सकाळ काढता येते. दहावीच्या मुलांच्या पूर्वपरीक्षा जवळ आलेल्या असतात, त्यांच्या आईबापांनाही दिवसाचा कार्यक्रम सोयीचा वाटतो. आमच्याकडे तर निम्म्या घरांत कुणी ना कुणी चाकणला किंवा भोसरीला शिफ्टमध्ये आहे, त्यांना रविवारची सकाळच जमते.

रात्री बाराला रस्त्यावर केक कापण्याचा प्रकार मात्र ठाम नाकारावा. गाडीच्या सीटवर केक, तोंडाला फासणं, अंडी, कधी कोयत्याने केक कापून व्हिडिओ. अशा व्हिडिओंवरून पिंपरी-चिंचवड पोलीस शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवतात आणि पोरगं अल्पवयीन असलं तरी प्रकरण बाल न्याय मंडळापर्यंत जातं. स्पीकर तर रात्री दहानंतर कायद्यानेच बंद. आणि घरी जायची सोय आधी ठरवा. सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या गिअर नसलेल्या गाडीचं लायसन्स मिळतं, आपल्या घरात उभी असलेली स्कूटर त्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या १९९अ कलमाखाली अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. स्पाइन रोडवर रात्री ट्रिपल सीट जाणारी पोरं पाहिली की मला कलमांच्या आधी त्यांच्या आया आठवतात. दोन-तीन पालकांनी मिळून सोडायला जायचं ठरवलं की प्रश्न मिटतो.

कुणी भाजलंच तर काय करायचं, ते कार्यक्रमाच्या आधी घरातल्या दोघांना तरी पाठ असावं. कपडे पेटले तर पळू द्यायचं नाही, जमिनीवर लोळवायचं किंवा जाड सुती पांघरुणाने दाबायचं. मग भाजलेल्या भागावर नळाचं साधं पाणी, निदान वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आत काढायचं. चिकटलेलं कापड ओढायचं नाही. चेहरा, मान, हाताचे पंजे भाजले असतील किंवा धूर छातीत गेला असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा. आगीसाठी १०१, नाहीतर ११२.

मित्र रात्री मुक्कामाला राहणार असतील तर आणखी दोन गोष्टी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही, कितीही थंडी असो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. तीच गोष्ट गॅस गीझरची. सकाळी आठ-दहा मुलं एकामागून एक आंघोळीला जातात, गार वारा येऊ नये म्हणून बाथरूमची खिडकी बंद करतात आणि गीझर तासभर चालू राहतो. गीझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर बादली भरून घेऊन तो बंद करायचा, मगच आत जायचं, आणि खिडकी उघडी. आमच्याकडे मुलं राहतात तेव्हा मी गीझरची जबाबदारी एकाच मोठ्या माणसावर टाकते आणि आंघोळीला गेलेल्याने आतून कडी लावायची नाही, असं रात्रीच सांगून ठेवते.