रासायनिक बंध : देणे, घेणे आणि वाटून घेणे

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• अणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी सांगू शकाल;
• आयनिक बंध व सहसंयुज बंध यांतील फरक स्पष्ट करू शकाल.

मूलपाठ
सोडिअम हा चाकूने कापता येईल इतका मऊ धातू. पाण्याशी त्याचा संयोग इतका तीव्र होतो, की तो केरोसीनमध्ये बुडवून ठेवावा लागतो. क्लोरीन हा हिरवट-पिवळा विषारी वायू. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने तो शस्त्र म्हणून वापरला. या दोहोंच्या संयोगातून मात्र आपल्या रोजच्या जेवणातील मीठ तयार होते. हे कसे घडते?

अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉन कवचांमध्ये विभागलेले असतात. सोडिअमची मांडणी २, ८, १ अशी, तर क्लोरीनची २, ८, ७ अशी असते. बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन असले, की बहुधा स्थैर्य लाभते. निऑन (२, ८) हा वायू म्हणूनच अलिप्त राहतो. सोडिअम आपला एकुलता बाह्य इलेक्ट्रॉन देतो व क्लोरीन तो घेतो. दोघांचीही अष्टके पूर्ण होतात. एक धनप्रभारित आणि दुसरा ऋणप्रभारित झाल्याने त्यांच्यात आकर्षण निर्माण होते. हाच आयनिक बंध. तो इतका बळकट असतो, की मीठ वितळण्यास सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते.

सर्वच अणू असे दान करीत नाहीत. इलेक्ट्रॉनांची जोडी दोन अणूंनी मिळून वापरल्यानेही बंध निर्माण होतो, हा विचार गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडला. यास सहसंयुज बंध म्हणतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन (२, ६) दोन हायड्रोजन अणूंबरोबर एकेक जोडी वाटून घेतो. ही वाटणी मात्र समसमान नसते; ऑक्सिजन जोडी स्वतःकडे अधिक ओढतो. शिवाय रेणू वाकलेला असतो. त्यामुळे त्याच्या एका बाजूस किंचित ऋण व दुसऱ्या बाजूस किंचित धन प्रभार येतो. पाण्याचे असे रेणू मिठाच्या आयनांना वेढून एकमेकांपासून दूर नेतात आणि मीठ विरघळते.

क्लोरीन वायूच्या रेणूतही दोन अणू एक जोडी वाटून घेतात; पण हा रेणू अतिशय क्रियाशील असतो. विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लिचिंग पावडर, आणि शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल एकत्र केल्यास हाच वायू मुक्त होतो. बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून हे दोन पदार्थ कधीही एकत्र करू नयेत. मिठातील क्लोरीन आणि हा क्लोरीन मूलद्रव्य म्हणून एकच. वेगळी आहे ती इलेक्ट्रॉनांची व्यवस्था. पदार्थाचा स्वभाव केवळ घटकांवरून नव्हे, तर त्यांच्यातील बंधांवरूनही ठरतो.

पाठगत प्रश्न
१. मिठाचा द्रवणांक उच्च का असतो?
२. ‘पाण्याच्या रेणूतील वाटणी समसमान नसते.’ स्पष्ट करा.
३. विरंजक चूर्ण व आम्ल एकत्र का करू नये, हे शेजाऱ्यांना समजावून सांगणारी पाच वाक्ये लिहा.