अन्नाची वाट

मुंबई शहरात धान्य पिकत नाही. तरीही लाखो मुंबईकरांना दोन वेळचे अन्न मिळते. नाशिक-पुण्याकडील भाजी रात्रीचा प्रवास करून वाशीच्या घाऊक बाजारात येते. पहाटे दादरच्या मंडईत भाजीचे ढीग लागतात आणि तेथून ती परळ, लालबाग, गिरगावच्या गल्लीबोळांत जाते. अन्नाची ही वाट एरवी कोणाच्या ध्यानात येत नाही.

२०२० साली करोनाची साथ जगभर पसरली. मार्चअखेर देशात टाळेबंदी झाली. लोकलगाड्या थांबल्या. १८९० पासून चालत आलेली डबेवाल्यांची सेवा बंद पडली आणि अनेक डबेवाले मावळ, जुन्नरकडील आपल्या शेतांवर परतले. खानावळींची दारे मिटली. एकट्याने राहणाऱ्या कामगाराने जेवावे कोठे? शासनाने शिवभोजन थाळीची किंमत १० रुपयांवरून ५ रुपये केली. तिने पुष्कळांना आधार दिला. मे महिन्यात तर वाशीचा बाजारही आठवडाभर बंद ठेवावा लागला.

शहर भाजीची वाट पाहत होते आणि शेतकऱ्याचा माल शेतातच सडत होता. नाशिक जिल्ह्यातील कित्येक बागायतदारांनी न विकलेली द्राक्षे वाळवून बेदाणे केले. दोघांमधील वाट तुटली होती.

तेव्हा नव्या वाटा शोधण्यात आल्या. शेतकऱ्यांचे गट भाजी भरलेल्या गाड्या थेट शहरातील वसाहतींच्या दाराशी आणू लागले. मधले हात कमी झाले. माल ताजा मिळू लागला. घरांतील राहणीही पालटली. बाहेरचे खाणे सुटले. डब्यातील कडधान्यांना मोड आले, दोडक्याच्या शिरांची चटणी झाली, शिळ्या पोळीचा कुस्करा आवडीने खाल्ला जाऊ लागला. अन्न टाकण्यापूर्वी माणसे विचार करू लागली.

ऑक्टोबर २०२० मध्ये खानावळी उघडल्या, डबेवालेही परतू लागले. पण कित्येक नोकरदार घरूनच काम करीत असल्याने डब्यांची संख्या फार घटली होती. पुढे साथ ओसरली आणि अनेकांच्या जुन्या सवयी परत आल्या.

तरी त्या दिवसांचा धडा विसरण्याजोगा नाही. मोठ्या शहराने एकाच बाजारावर, एकाच वाटेवर विसंबून राहू नये. हंगामात जवळपास पिकलेले घ्यावे, पानात हवे तेवढेच वाढून घ्यावे आणि ते पिकविणाऱ्या व पोहोचविणाऱ्या हातांची आठवण ठेवावी. हे हात थांबले, तर मुंबईतील चूल पेटत नाही.